मागील आसनांचे उत्तरकार्य

रस्ता सोडून आडवाटेने जाण्यासाठी बनवलेल्या चारचाकीचा मालक तंजावर जिल्ह्यात आढळणे, ही घटना मुळातच अभ्यासाला योग्य आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला हा मुलूख इतका सपाट आहे की पाण्याने कोणत्या दिशेला उतरावे, याचाही निर्णय कालव्याच्या दारांवर नेमलेल्या माणसाने करून द्यावा लागतो. चढण म्हणून दाखवता येईल अशी येथली सर्वांत उंच वस्तू म्हणजे राजराज चोळाने 1010 साली पूर्ण करवलेल्या बृहदीश्वर मंदिराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, जे साठ मीटरांहून उंच आहे. पण त्यावर वाहन नेण्यास पुरातत्त्व खाते अनुमती देईल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. ज्याला खऱ्या घाटाची हौस फेडायची असते तो नामक्कल जिल्ह्यातल्या कोल्ली डोंगरापर्यंत जातो, जेथे 70 तीव्र वळणांची वाट आहे. परंतु ती वाट डांबरी असून तिच्यावरून सरकारी बसही नियमाने जाते, आणि जेथे बस कंडक्टरसह पोहोचते तेथे चारही चाके फिरवणारे वाहन घेऊन पोहोचण्यात मिरवण्याजोगे फारसे उरत नाही.

तरीही अशी वाहने जिल्ह्यात आहेत आणि त्यांना कामही आहे. धरणात साठा पुरेसा असेल तर मेट्टूरचे पाणी प्रथेप्रमाणे 12 जूनला सुटते, मग थोड्या मुदतीचे कुरुवै, लांब मुदतीचे सांबा आणि कुरुवै कापल्यावर त्याच शेतात लावले जाणारे ताळडी अशी भातपिके एकामागून एक उभी राहतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस आला की शेतांमधल्या काळ्या चिकट गाळापुढे कोणत्याही घाटाने हात टेकावेत. कालव्याच्या बांधावरून जाणारी, जेमतेम एका वाहनापुरती रुंद, दोन्ही बाजूंना पाणी आणि समोरून येणारी म्हैस अशी वाट ज्याने ओलांडली आहे, त्याने आडवाटेच्या वाहनाची सर्व परीक्षा समुद्रसपाटीवरच दिलेली असते.

या वाहनांची वंशावळ सुप्रसिद्ध आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत आणलेली विलीज जीप आणि तिचे पुढचे अनेक अवतार, 1985 साली आलेली व सैन्यानेही आपलीशी केलेली मारुती जिप्सी, आणि 2010 साली अवतरलेली महिंद्रा थार, या तिन्ही घराण्यांत एक परंपरा दीर्घकाळ चालत आली, ती म्हणजे मागच्या भागात समोरासमोर मांडलेल्या दोन आडव्या बाकांची. या बाकांवर बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही, मागचा दिसतो तो मान वळवल्यास, आणि एरवी दिसतो तो फक्त समोरचा प्रवासी, ज्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना भिडलेले असतात आणि ज्याच्याशी बोलणे सोडून तीन महिने झालेले असू शकतात. मालक हा नेहमी पुढे बसत असल्यामुळे त्याला या बाकांची उपयुक्तता कधीच नीट उमगत नाही, आणि म्हणूनच एखाद्या रविवारी त्याच्या मनात असा विचार येतो की मागची बाके काढून टाकली तर केवढी जागा होईल.

या विचारात तर्कदोष नाही. तो फक्त अपुरा आहे. बाक काढल्यावर जागा मिळते ती बाकाच्या वर, आणि भोके मिळतात ती बाकाच्या खाली. जागेचे काय करायचे हे मालकाला पूर्वीपासून ठाऊक असते, म्हणजे भाताची पोती, नारळ, पाण्याचा पंप, क्वचित तंबू. भोकांचे काय करायचे याचा मात्र त्याने विचार केलेला नसतो, कारण बाक जागेवर होते तोवर ती भोके अस्तित्वात आहेत हेच त्याला माहीत नव्हते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच मधला प्रदेश आहे. मृताच्या मागे राहिलेल्यांना जसे तेराव्यापर्यंत विधी असतात, तसे काढलेल्या बाकामागेही उत्तरकार्य असते, आणि ते तेरा दिवसांत आटोपल्याचे ऐकिवात नाही.

बाक उचलल्यावर प्रथम जे हाती लागते ते इतिहासाचे साधन होय. अक्षतांचे पिवळे तांदूळ, विभूतीची पुडी, चिंचभाताचे वाळून खडा झालेले शीत, चलनातून गेलेले पंचवीस पैशांचे नाणे, आणि घरात ज्याच्यावरून दोन सुनांमध्ये संशय माजला होता ते कानातल्याचे मळसूत्र, हे सर्व तेथे कालानुक्रमे थरांनी सापडते. या थरांच्या खाली पत्रा लागतो आणि पत्र्यात छिद्रे लागतात, ज्यांचे शास्त्रीय वर्गीकरण केल्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे.

पहिला वर्ग आरपार छिद्रांचा, ज्यांतून बोल्ट खाली जाऊन नटात बसत होता आणि ज्यांतून आता रस्ता दिसतो. दुसरा वर्ग बंदिस्त नटांचा. यात नट पत्र्याच्या मागच्या अंगाला कारखान्यातच झाळून पक्का केलेला असतो, जेणेकरून पलीकडे पाना धरावा लागू नये, मात्र पंधरा पावसाळ्यांनंतर ती झाळ सुटते आणि बोल्ट फिरवावा तसा नटही त्याच्याबरोबर निष्ठेने फिरत राहतो. तिसरा वर्ग सीटबेल्टच्या आधारबिंदूंचा, ज्यांचे आटे जगातल्या बहुतेक मोटारींत एकाच मापाचे, म्हणजे एक इंचाच्या सात-षोडशांश जाडीचे आणि इंचाला वीस फेऱ्यांचे असतात, आणि माणसाचा जीव त्यांच्यावर टांगलेला असल्याने त्यांच्याशी खेळ करू नये असा दंडक आहे. चौथ्या वर्गातली छिद्रे कोणी पाडलेली नसून गंजाने स्वखर्चाने केलेली असतात. बाकाच्या पायाखाली ओल साचते, तेथे रंगाखालून लोखंड फुगते, आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला बोट लावले की ते बोट पलीकडे निघते. पाचवा वर्ग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ती छिद्रे बुजवायचीच नसतात: तळाच्या खोलगट भागात आत आलेले पाणी निघून जावे म्हणून निर्मात्यानेच ती ठेवलेली असतात. उत्साही मालक पहिल्या सपाट्यात नेमकी हीच बुजवतो, आणि मग इतर चार वर्गांतून शिरलेले पाणी वाहनात मुक्कामाला राहते.

छिद्रे बुजवणे आवश्यक आहे काय, असा प्रश्न आळशी मालक विचारतो, आणि त्याचे उत्तर तीन अंगांनी द्यावे लागते. पहिले अंग पाण्याचे. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि त्यात मीठ मिसळले तर ते काम अधिक वेगाने होते. तंजावरच्या मराठी माणसाला सुटीच्या दिवशी ओढ वाटते ती बहुधा सरफोजी राजे दुसरे यांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ समुद्रकाठी उभारलेल्या मनोऱ्याची, जो मनोरा याच नावाने आजही ओळखला जातो, आणि तेथून परतणारे वाहन खाऱ्या वाऱ्याचा प्रसाद प्रत्येक उघड्या छिद्रात घेऊनच येते. दुसरे अंग धुळीचे, ज्याविषयी घरातल्या ज्येष्ठ स्त्रिया अधिक अधिकाराने बोलू शकतील. तिसरे अंग मात्र विनोदाच्या पलीकडचे आहे: चौकोनी पाठीच्या वाहनामागे धावताना हवेचा दाब कमी होतो, धुराड्यातून निघालेला धूर तेथे घोटाळतो आणि तळाच्या छिद्रांतून अथवा मागच्या उघड्या पडद्यातून आत खेचला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि दयाही नसते. झोप येते आहे असे मागे बसलेल्यांना वाटत असेल, तर तो नेहमीच चालकाच्या संभाषणाचा दोष नसतो.

बुजवण्याची आवश्यकता मान्य झाली की पंथभेद सुरू होतात. सर्वांत प्राचीन पंथ चिकटपट्टीवाल्यांचा, ज्याचे तत्त्वज्ञान असे की जे दिसत नाही ते नाही. पहिल्या पावसापर्यंत या पंथाचे कोणीही खंडन करू शकत नाही. त्याच्या पुढचा पंथ दोन रंगांच्या वड्या मळून एकजीव करायच्या इपॉक्सी लुकणीचा, जी बाजारात एमसील या नावाने मिळते आणि जिच्यावर भारतातल्या नळांची, टाक्यांची व कित्येक संसारांची भिस्त आहे. लहान छिद्रावर, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर ती टिकते, परंतु गंजावर थापली असता ती गंजाला घट्ट चिकटते आणि गंज पत्र्याला सोडून तिच्यासह निघून जातो. सिलिकॉनवाद्यांचा पंथ स्वच्छतेचा भोक्ता आहे, पण ज्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते उघड्या लोखंडाला बाधते आणि त्यावर रंग बसण्यास ठाम नकार देतो, हे त्यांना रंगाऱ्याकडून कळते. जाणकार अशा जागी पॉलियुरेथेनचे सीलंट वापरतात, जे चिकटते, लवचीक राहते, रंग घेते आणि हाताला लागले तर आठवडाभर मालकाबरोबर कचेरीतही जाते.

पुट्टीपंथीयांचे संख्याबळ सर्वाधिक आहे. पॉलिएस्टरच्या पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते, ती उघडी राहिली तर ओल शोषते, आणि मागे पत्र्याचा आधार नसेल तर ती भोक बुजवत नाही, फक्त त्याच्या तोंडावर थांबते. तरीही घासकागदाने तिला इतके गुळगुळीत करता येते की रंग दिल्यावर तळहात फिरवूनही काही जाणवत नाही, आणि वाहन विकायचे असेल तर खरेदीदाराचा तळहात हीच या पंथाची अंतिम कसोटी होय. याच्या उलट, रिव्हेटवाद्यांना गुळगुळीतपणाची पर्वा नसते: छिद्रावर पत्र्याचे ठिगळ ठेवायचे, मध्ये सीलंट भरायचे आणि एकाच बाजूने ओढून बसणारे पॉप रिव्हेट मारायचे, एवढे त्यांचे कर्मकांड. यात मेख अशी की रिव्हेट बहुधा अॅल्युमिनियमचे असतात आणि पत्रा पोलादाचा. दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि त्यांपैकी एक झिजतो. विलायतेत 1948 साली निघालेल्या लँड रोव्हरची कथा याच्या बरोबर उलटी आहे: युद्धोत्तर टंचाईत पोलाद रेशनवर असल्यामुळे तिचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले, म्हणून तेथे पोलादी बोल्टांभोवतालचा पत्राच पांढरी भुकटी होऊन गळतो. धातूंच्या या सोयरिकीत कोणाचे तरी नुकसान ठरलेलेच असते. रिव्हेटचे की पत्र्याचे, हे देशपरत्वे बदलते.

सर्वांत प्रतिष्ठित पंथ वेल्डिंगवाल्यांचा आहे. तमिळनाडूत पत्र्याच्या कामाला टिंकरिंग म्हणतात, मुंबई-पुण्यात त्यालाच डेंटिंग. टिंकरिंगच्या दुकानात कोणतेही भोक दाखवले असता मिस्त्री क्षणभर मान तिरकी करून ‘पण्णिडलाम्, सार’, म्हणजे करून टाकू, साहेब, असे म्हणतो, आणि या वाक्यात काळाचा उल्लेख नसतो हे मालकाच्या नंतर लक्षात येते. पातळ पत्र्याला सलग झाळ दिली तर तो तापून वाकडा होतो, म्हणून कसबी मिस्त्री एक टाका येथे, दुसरा दूरवर, असे करत मध्ये पत्रा निवू देतो. लहान छिद्र असेल तर त्याच्या मागे तांब्याची चपटी पट्टी धरतात, कारण तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि वितळलेले पोलाद त्याला चिकटत नाही, त्यामुळे छिद्र भरते आणि पट्टी सुटून हातात येते. पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांसाठी नावाजलेले कुंभकोणम शेजारीच असल्याने निदान या एका साहित्याची येथे वानवा नाही. त्याच परिसरात स्वामिमलैचे मूर्तिकार मातीच्या साच्यातली मेणाची मूर्ती वितळवून काढून उरलेल्या पोकळीत पंचरसी धातू ओततात आणि पोकळीतून नटराज काढतात. मिस्त्री पोकळीतून फक्त सपाट पत्रा काढतो, पण मुदत दोघेही सारखीच मागतात.

वेल्डिंगला जाण्यापूर्वी काही खबरदारी घ्यावी लागते. बॅटरीच्या तारा सोडायच्या, गालिचा व फोम बाहेर काढायचा, आणि सर्वांत आधी इंधनाची टाकी कोठे आहे ते पाहायचे, कारण जुन्या जीपमध्ये ती चालकाच्या आसनाखाली असते तर जिप्सीत मागच्या तळाखाली, आणि छिद्र बुजवताना संपूर्ण वाहनच नाहीसे झाले तर छिद्राचा प्रश्न सुटला असे तांत्रिकदृष्ट्या म्हणता येत असले तरी विमा कंपनी ते मान्य करत नाही. जस्ताचा थर असलेला पत्रा तापवल्यास निघणाऱ्या धुराने ताप भरतो, म्हणून तो थर आधी घासून काढायचा, आणि काम झाल्यावर झाळेच्या दोन्ही अंगांना प्रायमर द्यायचा. बहुतेक जण तो एकाच अंगाला, म्हणजे दिसणाऱ्या अंगाला देतात. गंज मात्र न दिसणाऱ्या अंगाने येतो, कारण त्याला प्रसिद्धीची हाव नसते.

रिकाम्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न तंजावरला नवा नाही. 1676च्या सुमारास व्यंकोजीराजे येथे गादीवर बसले तेव्हा नायकांचा राजवाडा तयार होता. मराठ्यांनी तो पाडला नाही, त्याला जोड देत गेले, आणि पुढे सरफोजींनी त्यातल्या सरस्वती महालाच्या दालनांत ग्रंथ इतके भरले की त्यांची मोजदाद हाच एक स्वतंत्र उद्योग झाला. 1803 साली बृहदीश्वराच्या प्राकारात जी भिंत मोकळी सापडली तिच्यावर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला आणि तो आजही तेथे आहे. ज्या गावात मोकळी भिंत दिसली की तिच्यावर राजघराण्याची बखर चढते, त्या गावात मोटारीचा मागचा भाग मोकळा करून तो तसाच ठेवण्याची आकांक्षा बाळगणे, हे स्थानिक परंपरेच्या विरुद्ध जाणे होय.

परंपरेहून कडक असतो तो कायदा. 1988च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ नेमून दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल, असा फेरफार मालकाने वाहनात करू नये, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ सैल करण्यास नकार दिला. आसनक्षमता ही नोंदणी प्रमाणपत्रातली एक बाब आहे. तेव्हा टीएन 49 या क्रमांकाने सुरू होणाऱ्या, म्हणजे तंजावरच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या वाहनाची बाके कायमची काढली, तर कागदावर सहा जण बसलेले असतात आणि वाहनात दोन, आणि उरलेले चौघे कोठे गेले याचे उत्तर नाक्यावर द्यावे लागते. भोकांना झाळ देऊन सपाट करणारा मालक येथे विशेष अडचणीत येतो; कारण बाके धुण्यासाठी तात्पुरती काढली आहेत, हा युक्तिवाद ज्या पुराव्यावर उभा राहू शकला असता तो त्याने स्वतःच पैसे देऊन बुजवलेला असतो.

तरीही परिवहन कार्यालयाचा आक्षेप सौम्य म्हणावा असा आक्षेप घरून येतो. तंजावरच्या मराठी घरांत घरातली बोली मराठी आणि बाहेरची तमिळ असली, तरी प्रवासाची पद्धत निखळ एकत्र कुटुंबाची आहे: स्वामिमलैला जायचे तर सगळ्यांनी, तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेला जायचे तर सगळ्यांनी आणि शेजारच्या दोघांनी. खंडेनवमीला, म्हणजे तमिळ शेजारी ज्या दिवशी आयुधपूजा करतात त्याच दिवशी, वाहन धुऊन, चंदन-कुंकू लावून, चाकांखाली लिंबे ठेवून आणि कोहळा फोडून झाला की सर्व मंडळी प्रथेप्रमाणे फेरी मारण्यासाठी मागच्या दाराशी जमतात. तेथे बाकांच्या जागी घासून रंगवलेला, प्रायमरचा वास येणारा, एकही छिद्र नसलेला पत्रा दिसतो. पत्र्याचे कौतुक कोणी करत नाही. आत्याबाई शांतपणे विचारतात की मी कोठे बसायचे, आणि वर सांगितलेल्या पाचही वर्गांत न मोडणारे सहावे छिद्र तेथे पडते, ज्याला कोणतेही सीलंट लागू होत नाही.

काढलेली बाके दरम्यान घराच्या ओट्यावर, म्हणजे तिण्णैवर, स्थिरावलेली असतात. त्यांच्यावर आजोबा वर्तमानपत्र वाचतात, दुपारी मांजर झोपते आणि संध्याकाळी पाहुणे बसतात. धावत्या वाहनात ज्यांना कोणी नाव घेऊन बोलावले नाही ती बाके उभ्या घरात एकाएकी मानाची होतात, आणि आता ती परत वाहनात बसवायची म्हटले तर आजोबांची संमती आणि मांजराची बदली, दोन्ही गोष्टी मिळवाव्या लागतात.

सर्व पंथांचा, कलमांचा आणि आत्याबाईंचा एकत्रित विचार केला असता निष्कर्ष फार साधा निघतो. बाक काढण्याचा निर्णय कायमचा असतो असे मालकाला वाटते, पण वाहन विकताना, तपासणीला नेताना किंवा लग्नसराईत ते बाक परत बसवावे लागणार हे इतर सर्वांना माहीत असते. म्हणून बुजवण्याची सर्वोत्तम रीत तीच, जी पुन्हा उघडता येते. आरपार छिद्राला मापाचे रबरी बूच आणि कडेने सीलंटची बारीक रेघ पुरते. नटांच्या छिद्राला तर त्याहूनही सोपा उपाय आहे: कानस मारून कडा साफ कराव्यात, उघड्या लोखंडाला रेडऑक्साइड द्यावे, आणि जो बोल्ट तेथून काढला तोच, खाली रबरी वॉशर घालून आणि आट्यांना ग्रीस लावून, पुन्हा तेथेच आवळावा. पाणी थांबते, आटे शाबूत राहतात, आणि बाक परतले की त्याची जागा त्याला तयार मिळते.

या उपायातली एकच अडचण अशी की एव्हाना ते बोल्ट सापडत नाहीत. त्यांपैकी दोन पाण्याच्या पंपाला लागलेले असतात, एक तुळशीवृंदावनाच्या कडीला, आणि बाकीचे रद्दीवाल्याला लोखंडाच्या भावाने गेलेले असतात. मग मालक हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचे नवे बोल्ट मागतो, दुकानदार सहजपणे विचारतो की सीट बसवायची आहे काय, आणि नाही, सीट काढली आहे म्हणूनच बोल्ट हवे आहेत, हे उत्तर ऐकल्यावर तो गिऱ्हाइकाकडे थोडा वेळ पाहतो, पुढे काही विचारत नाही, आणि पुडीत एक वॉशर पैसे न घेता जास्तीचा टाकतो.